वहिनीचा झाडू

माझ्या वहिनीला पसारा आवडत नाही, हे मी फार सौम्य शब्दांत सांगतो आहे. पसारा दिसला की तिचा जीव घाबरा होतो. वर्तमानपत्र वाचून तुम्ही मांडीवरून खाली ठेवलंत की ते रद्दीत गेलंच म्हणून समजा. एकदा मी त्यांच्या दारात छत्री ठेवून हात धुवायला आत गेलो, बाहेर येईपर्यंत ती जिन्याखालच्या कचऱ्याच्या डब्यात होती. मी तावातावाने विचारलं तर म्हणाली, “भाऊजी, तिची काडी वाकली होती.” छत्री माझी, काडी माझी, पावसात भिजणार तोही मीच, पण निकाल तिचा.

मी बरोबर उलट्या वळणाचा. माझ्या हातून काही म्हणून टाकवत नाही. बंद पडलेली घड्याळं, कुठल्या कुलपाच्या ते विसरलेल्या किल्ल्या, एका पायाचे मोजे, सगळं आहे. फोनमधली जागा संपली आहे ही सूचना मला इतकी वर्षं येते आहे की ती आली नाही तर मला चुकल्यासारखं होईल. वहिनी माझ्या खोलीत पाऊल टाकत नाही. दारात उभी राहून बोलते, तेही नाकाला हात लावून. वास कसलाही येत नसतो.

आमची कंपनी म्हणजे एका इमारतीचा वरचा मजला, काही टेबलं आणि एक कुरकुरणारा पंखा. दवाखाने, शाळा, फर्निचरची दुकानं यांच्या वेबसाइट आम्ही चालवतो. त्या ज्या कॉम्प्युटरवर चालतात, म्हणजे सर्व्हरवर, ते आमचे नाहीत. एका मोठ्या होस्टिंग कंपनीच्या कुठल्याशा इमारतीत ते असतात आणि आम्ही ते भाड्याने घेतो. ती इमारत आमच्यापैकी कोणी पाहिलेली नाही. गिऱ्हाइकांशी बोलायचं आणि भांडायचं काम माझं, कोड लिहायचं आमच्या प्रोग्रामरचं, त्याला सगळे दाढीवालाच म्हणतात. आणि मग वहिनी.

वहिनी आधी रक्त तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत होती. ती प्रयोगशाळा बंद पडली, वहिनी घरी बसली आणि घराची धडगत राहिली नाही. माझा मोठा भाऊ, म्हणजे दादा, एक दिवस मला म्हणाला, “हिला तुझ्या ऑफिसात ने बाबा. परवा तिने माझे बूट देऊन टाकले, उद्या मला देईल.” मी तिला मेलना उत्तरं द्यायला बसवलं. उत्तरं देता देता ती दाढीवाल्याच्या मागे खुर्ची ओढून जावास्क्रिप्ट, म्हणजे कोड लिहायची एक भाषा, शिकली. हे काय, ते का, हे इथे कशाला, असं विचारून विचारून तिने त्याला सळो की पळो केलं. पुढे पुढे तिचं काम तो न तपासताच पुढे पाठवू लागला. ऑफिसात सगळे तिला वहिनीच म्हणतात, दाढीवालाही, आणि तो तिच्याहून वयाने मोठा आहे.

होस्टिंग कंपनीच्या वेबसाइटवर बटणं आहेत. नवा सर्व्हर हवा तर दाबा, नको असेल तर दाबा. वहिनीला बटणं दाबण्याचा कंटाळा. पण त्या कंपनीने प्रोग्रामसाठी एक वेगळं दार ठेवलेलं आहे, त्याला एपीआय म्हणतात. त्या दाराशी बोलायच्या रीतीभाती फार. त्यासाठी जावास्क्रिप्टमध्ये एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड, मिळते. तुम्ही एक ओळ लिहायची की माझे सर्व्हर आण; ओळख पटवणं, निरोप पोचवणं, आलेलं उत्तर उलगडून हातात देणं, हे सगळं ती लायब्ररी करते. मला हे दाढीवाल्याने समजावलं आणि मी लगेच विसरलो. वहिनीने मात्र त्या लायब्ररीवर जीव टाकला. तिच्या मते त्या लायब्ररीइतकं नीटनेटकं बोलणारं जगात दुसरं कोणी नव्हतं. नवी आवृत्ती आली की आठवड्याच्या आत ती आमच्याकडे यायचीच. जुनी आवृत्ती तशीच वापरत राहणं हे तिला शिळ्या पाण्याने तोंड धुण्यासारखं वाटायचं.

याच लायब्ररीवर तिने झाडू लिहिला. नाव तिनेच ठेवलं. आमच्या प्रत्येक सर्व्हरची रोज पहाटे एक प्रत काढली जाते, काही बिघडलं तर असावी म्हणून. गिऱ्हाईक सोडून गेलं की त्याचा सर्व्हर आम्ही काढून टाकतो, पण प्रती मागे राहतात आणि जागा अडवून बसतात. आमच्या धंद्यात अशा प्रतींना अनाथ म्हणतात. झाडू रोज जेवणाच्या सुट्टीत चालायचा. तो लायब्ररीकडून सगळे सर्व्हर मागायचा, सगळ्या प्रती मागायचा, आणि जिचा सर्व्हर सापडत नाही ती प्रत काढून टाकायचा. मग ऑफिसच्या ग्रुपवर निरोप यायचा, “आज अनाथ शून्य. स्वच्छ.” आम्ही जेवता जेवता त्याला पसंतीचा अंगठा दाखवायचो. तो ‘स्वच्छ’ शब्द वहिनीचा होता आणि तो वाचताना मला तिचा हनुवटी वर केलेला चेहरा दिसायचा.

आता दादाबद्दल सांगायला हवं. दादा गाडी चालवायला शिकवतो. शिकवायचा. लोक थरथरत गाडीत बसायचे, एकदम ब्रेक दाबायचे, खांबाकडे गाडी न्यायचे, आणि दादा शेजारी बसून म्हणायचा, “सावकाश. घाई नाही. रस्ता कुठे पळून जात नाही.” हे तो ज्या आवाजात म्हणायचा तो आवाज ऐकून लोक गाडी शिकायचे. घरातही तोच. वहिनीने त्याचे बूट देऊन टाकले तेव्हासुद्धा तो म्हणाला होता, “असू दे गं, चावतच होते.”

हा माणूस चिडायचाच नाही असं समजू नका. चिडायचा, पण फक्त माझ्यावर. दिवसभर लोकांवर न ओरडल्याची सगळी कसर तो माझ्यावर भरून काढायचा. मी फोन उचलत नाही ही माझी ख्याती आहे. त्यामुळे तो मला आवाजी निरोप पाठवायचा. घरी आला की खुर्चीत बसायचा, फोन तोंडाशी धरायचा आणि सुरू. “अरे, आहेस कुठे? माणसाने फोन ठेवायचा कशाला, शोभेला?” मी ते निरोप अर्धे ऐकायचो आणि हसत सोडून द्यायचो.

मग त्याचा आवाज बसायला लागला. आधी सर्दी म्हटलं, मग बडबड फार होते म्हटलं. शेवटी डॉक्टरांनी जे म्हटलं त्यानंतर आम्ही काही म्हणायचं राहिलं नाही. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. सगळं. जीव वाचेल, पण बोलता येणार नाही. दादाने विचारलं, “आणि गाडी?” डॉक्टर म्हणाले, चालवता येईल. “चालवता येईल हो,” दादा म्हणाला, “शिकवणार कसा?” 

रुग्णालयात वाचा शिकवणाऱ्या एक बाई होत्या, आम्ही त्यांना आवाजाच्या बाई म्हणायचो. त्यांनी एक वाट दाखवली. शस्त्रक्रियेआधी आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवा, जितका जमेल तितका. त्यावरून कॉम्प्युटर त्यांचा आवाज तयार करील. मग ते फोनवर टाइप करतील आणि फोन त्यांच्याच आवाजात बोलेल. दादा म्हणाला, “मी एवढं काय मोलाचं बोलतो?” वहिनीने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने लगेच हो म्हटलं.

दुपारी त्याचा आवाज जरा मोकळा असायचा. तेव्हा वहिनी खिडक्या लावायची, दाराला ब्लँकेट टांगायची आणि बाईंकडून आणलेलं यंत्र त्याच्यापुढे ठेवायची. तो वाक्यं वाचायचा, आकडे म्हणायचा, सगळ्या नातेवाइकांना हाका मारायचा. गाडीतलं सगळं बोलून झालं, क्लच, आरसा, सावकाश. शेवटी शेवटी तो फक्त वहिनीसाठी काहीतरी बोलायचा. तेव्हा ती मला बाहेर काढायची. मी बाहेर ब्लँकेटला कान लावून पाहिला, काही ऐकू आलं नाही.

ते सगळं ठेवायला वहिनीने आमच्या खात्यात एक नवा सर्व्हर उभा केला. मला विचारलं, म्हणून मी तिच्यावर चिडलो. हे विचारायचं असतं का? तिने लायब्ररीला एक ओळ लिहिली आणि सर्व्हर आला. त्याचं नाव ‘आवाज’. सगळं ध्वनिमुद्रण तिने त्यावर चढवलं, आणि चढलेलं पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. मग यंत्र रिकामं करून, पुसून, बाईंना परत दिलं. स्वतःच्या कॉम्प्युटरवरचंही काढून टाकलं.

मी म्हटलं, “वहिनी, राहू दे ना तिथेही. खातंय का काही?”

“सर्व्हरवर आहे. सर्व्हरची प्रत रोज निघते. झालं की दोन ठिकाणी,” ती म्हणाली. “आणखी तिसरीकडे ठेवायचं म्हणजे पसारा, भाऊजी. तुमच्या खोलीसारखा.”

शस्त्रक्रिया नीट झाली. वहिनी रुग्णालयाच्या बाकावर बसून असायची. मी डबा आणि निरोप घेऊन जायचो. जेवणाच्या सुट्टीत आमच्या दोघांचे फोन एकदमच वाजायचे. “आज अनाथ एक. काढली. स्वच्छ.” ध्वनिमुद्रण सुरू व्हायच्या जरा आधी एका शाळेने आमचं काम बंद केलं होतं, तिच्याच प्रती निघताहेत असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो. मी अंगठा दाखवायचो. दाढीवाला दाखवायचा. वहिनीही दाखवायची. एक दिवस तिने मला फोन दाखवला. किती दिवसांनी ती हसत होती. “बघा भाऊजी, मी नसले तरी झाडू चुकत नाही.”

दादा घरी आला. गळ्याला छिद्र, त्यावर जाळी, हातात फोन. तो टाइप करायचा आणि स्क्रीन आमच्याकडे वळवायचा. चष्मा नसला की मला वाचता यायचं नाही, मग तो माझ्याकडे नुसता बघायचा. त्या घरात मी कधी इतकी शांतता पाहिली नव्हती. वहिनी म्हणायची, जखम भरू द्या, मग बाई आवाज तयार करून देणार आहेत. ती हे दिवसातून कितीदा म्हणायची. दादा मान हलवायचा. आम्ही सगळे त्या एका गोष्टीवर दिवस काढत होतो.

वहिनी ऑफिसात परत आली त्या आठवड्यातली गोष्ट. दुपारचं जेवण उरकलं होतं, झाडूचा निरोप येऊन गेला होता, डबे धुऊन टेबलावर पालथे घातलेले होते. होस्टिंग कंपनीची मेल आली. त्यांच्या एका यंत्राची डिस्क गेली होती, त्यावरचे काही सर्व्हर परत येणार नव्हते. दिलगीर आहोत, कृपया आपल्याकडच्या प्रतींवरून सर्व्हर पुन्हा उभे करावेत. असं होतं अधूनमधून. दाढीवाल्याने पाहिलं आणि तो म्हणाला, “वहिनी, आपला एकच गेलाय. तुमचा, आवाज.”

मी खुर्चीतून उठलोच. वहिनी मात्र शांत होती. “प्रत आहे ना,” ती म्हणाली आणि तिने लायब्ररीला ओळ लिहिली की या सर्व्हरच्या प्रती आण. उत्तर आलं. नुसता रिकामा चौकोनी कंस, आत काही नाही. तिने ओळ तपासली, पुन्हा चालवली. पुन्हा तेच. मग तिने खुर्ची थोडी मागे घेतली. पालथ्या डब्यांकडे बघत ती हळू आवाजात म्हणाली, “रोज एक.”

मला काही कळेना. दाढीवाल्याला कळलं. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

नंतर त्याने मला जे सांगितलं ते इतकंच. लायब्ररीच्या जुन्या आवृत्तीत सर्व्हर मागितले की सगळे यायचे. नव्या आवृत्तीत ते पानापानाने येतात. पहिलं पान येतं, पुढचं हवं असेल तर पुढचं मागावं लागतं. हे लिहिलेलं होतं. वहिनीने ते वाचलेलंही होतं आणि बाकी सगळीकडे दुरुस्त केलं होतं. झाडूत राहून गेलं. तिने चालवून पाहिलं तेव्हा सगळं बरोबर आलं, कारण तेव्हा आमचे सगळे सर्व्हर एका पानात मावत होते. यादी जुन्यापासून सुरू होते, नवा शेवटी लागतो. दादाचा सर्व्हर हा पानात न मावलेला पहिलाच. झाडूला तो कधी दिसलाच नाही. पहाटे दादाच्या आवाजाची प्रत निघायची, दुपारी झाडू तिला अनाथ समजून काढून टाकायचा, आणि आम्ही अंगठे दाखवायचो. डिस्क सकाळी गेली असती तरी त्या दिवशीची प्रत हाताशी असती. डिस्क जेवणानंतर गेली.

मी होस्टिंग कंपनीला फोन केला आणि माझ्या पद्धतीने बोललो, म्हणजे ओरडलो. पलीकडची मुलगी बिचारी नम्र होती. काढलेली प्रत परत येत नाही, म्हणाली. तसं काढण्याआधी विचारतही नाही का, मी विचारलं. बटणाने काढली तर विचारतं सर, म्हणाली, प्रोग्रामने काढली तर प्रोग्रामला माहीत असतं असं धरतात.

घरी जाताना मी वहिनीला म्हटलं, “डिस्क गेली एवढंच सांगू. खोटं नाही ते.”

“आणि झाडू?”

“झाडूचं कशाला काढायचं? त्याला काय कळतंय त्यातलं?”

“मला कळतंय ना,” वहिनी म्हणाली.

तिने दादाच्या पलंगावर बसून सगळं सांगितलं. पानं, यादी, रोज एक. अर्धं त्याला कळलं नसेल. शेवटी म्हणाली, “तुमचा आवाज मीच पुसला.”  दादाने तिच्या हातावर थोपटलं, फोन घेतला, टाइप केलं आणि तिच्याकडे वळवलं. मी मान लांब करून वाचलं. “जाऊ दे.”

तेवढ्यावर मिटेल असं मला वाटलं होतं. पण त्या दिवसापासून वहिनी ती वहिनी राहिली नाही. ऑफिसात यायची, झाडूचा कोड उघडायची आणि त्याच्याकडे बघत बसायची. एक अक्षर लिहायची नाही. झाडू तिने बंद केला होता, अनाथ प्रती साचत चालल्या होत्या आणि कोणी त्यांच्याबद्दल अवाक्षर काढत नव्हतं. सगळे तिला तळहातावरच्या फोडासारखे जपायचे. दाढीवाला म्हणायचा, कोणाच्याही हातून झालं असतं. नातेवाईक म्हणायचे, जीव वाचला ना, बास. मी, ज्याच्या नाकावर राग असतो, तोही तिच्याशी साखरेत घोळून बोलायला लागलो. मला स्वतःची शिसारी आली.

सगळ्यात जास्त घाबरलो ते त्यांच्या घरी. खुर्चीवर वर्तमानपत्रांचा ढीग होता. कालचं, परवाचं, त्याच्या आधीचं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर रिकाम्या बाटल्या, दाराशी कोणाचे तरी जोडे. मी मुद्दाम माझी छत्री वाटेत आडवी टाकली. ती छत्री ओलांडून गेली.

“वहिनी,” मी म्हटलं, “हे काय चाललंय?”

“माझा हात धजत नाही, भाऊजी. काही उचललं की वाटतं, हे कोणाचं तरी शेवटचं असलं तर?” मग म्हणाली, “मला कोणीतरी ओरडा ना. तुम्ही तरी ओरडा.”

मी तोंड उघडलं. जमलं नाही.

“तेही ओरडत नाहीत,” ती म्हणाली. “जाऊ दे लिहितात. रोज लिहितात. पण लिहिलेल्यात मला काही कळत नाही हो. मनापासून लिहिलंय का आतून धुमसत लिहिलंय, अक्षरं सारखीच दिसतात. पूर्वी नुसती हाक मारली तरी मला कळायचं.”

आवाजाच्या बाईंनी सांगितलं होतं, दुसरीकडचं काही असेल तर आणा. समारंभांचे व्हिडिओ पाहिले. त्यात कॅमेरा दादाच्याच हातात असायचा, तो बोलायचा ते गोंगाटात. बाईंना एकट्याचा आवाज हवा होता, जवळून बोललेला. वहिनीच्या फोनमध्ये त्याचे निरोप असणार म्हणून मी विचारलं. तिने नाही म्हणून मान हलवली. ऐकला की काढून टाकायचा, ही तिची रीत.

मी जिना उतरत होतो तेव्हा फोन वाजला. जागा संपली आहे. मी कठड्याला धरून तिथेच उभा राहिलो. माझ्या डोक्यात प्रकाश पडायला नेहमीच उशीर लागतो.

सगळे होते. इतक्या वर्षांचे. मी पायरीवर बसलो आणि एकेक लावला. “अरे, आहेस कुठे?” “तुला सांगून काही उपयोग आहे का?” “डॉक्टरकडे गेलास? नाही गेलास. मला माहीत होतं. मरशील असाच.” “गाडीची किल्ली तुझ्याकडे आहे का? असणारच! जगातली प्रत्येक किल्ली तुझ्याकडे असते!” खुर्चीत बसून, फोन तोंडाशी धरून, स्वच्छ, मोकळा, खणखणीत दादा. एकाही निरोपात तो माझ्याशी धड बोललेला नव्हता. शेजारी कोणी बाहेर आलं असतं तर एक वयस्क माणूस शिव्या खात पायरीवर रडतो आहे असं त्यांना दिसलं असतं.

बाईंनी ऐकलं आणि त्या जरा विचारात पडल्या. “आवाज होईल,” म्हणाल्या, “पण यंत्र जे ऐकेल तेच शिकेल. यात ते सारखे चिडलेलेच आहेत. मऊ बोलणं त्याला येणार नाही.” वहिनी म्हणाली, “चालेल.” ते सगळे निरोप तिने माझ्या फोनवरून घेतले आणि कुठे कुठे ठेवले याची गणती नाही. तिच्या कॉम्प्युटरवर, माझ्या, दाढीवाल्याच्या, दोन वेगळ्या सर्व्हरवर. 

आवाज तयार होऊन आला त्या दुपारी मी तिथेच होतो. वहिनीने दादाच्या फोनवर तो चढवला आणि ती समोरच्या खुर्चीत बसली, वर्तमानपत्रांच्या ढिगाला टेकून. दादाने माझ्याकडे पाहून टाइप केलं आणि बटण दाबलं. “कसा आहेस!” फोन खेकसला. मी दचकून ताठ बसलो, सवयच ती. मग त्याने टाइप केलं, चहा मिळेल का, आणि तो प्रश्न असा आला जणू चहा मीच चोरला होता. मला हसू फुटलं, दादालाही. त्याचे खांदे हलत होते, आवाज नाही. मग त्याने आपला नेहमीचा शब्द टाइप केला, सावकाश. “सावकाश!” फोन ओरडला, आता गाडी खड्ड्यात जाणार अशा आवेशाने. दादाचे खांदे हलायचे थांबले. तो आवाज गेला तो गेलाच, हे त्या शब्दाने आम्हा तिघांना एकदमच कळलं. 

मग त्याने वहिनीकडे पाहिलं. बराच वेळ टाइप केलं, पुसलं, पुन्हा केलं. चेहरा अगदी मऊ होता. बटण दाबलं.

“जाऊ दे! किती दिवस तेच धरून बसणार आहेस? मला तुझी काळजी वाटते!”

माझ्यावर ओरडायचा तो आवाज, जसाच्या तसा, तिच्यावर. खोली दणाणली. दादा पार घाबरला. असं नाही, असं नाही, म्हणून हात हलवायला लागला, फोन पालथा घालू लागला. वहिनी उठून त्याच्याजवळ गेली.

“पुन्हा लावा,” ती म्हणाली.

त्याने नाही म्हणून मान हलवली.

“लावा हो.”

त्याने लावलं. ती उभ्याने ऐकत होती, मान खाली घालून, ओरडा खाणारं माणूस उभं राहतं तशी. “हो,” ती फोनला म्हणाली. “चुकलं माझं. फार चुकलं.” आणि इतक्या दिवसांत न रडलेली ती मटकन पलंगावर बसून रडायला लागली, मोठ्याने, अगदी हमसाहमशी. दादाची बोटं फोनवर धावली. घाईघाईने त्याने बटण दाबलं.

“रडतेस काय अशी!”

“ओरडू नका हो,” वहिनी रडत म्हणाली आणि तिने त्याचा हात धरला. त्यांच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे वाक्य त्या घरात मी पहिल्यांदाच ऐकत होतो.